माणसासाठी नाही

प्रयोगशाळेतल्या फ्रीजरचं दार उघडलं की आधी थंड वाफेचा लोट अंगावर येतो आणि तो ओसरेपर्यंत आत काहीच दिसत नाही. त्या दिवशी तो ओसरला, तेव्हा खालच्या कप्प्यातला आमचा निळा डबा मला तिरपा दिसला. मी डबा कधी तिरपा ठेवत नाही. जाड हातमोजा चढवून तो बाहेर ओढला, झाकण काढलं. एक खण रिकामा होता, त्यातली व्हायल, प्रथिनाची छोटी काचेची कुपी, नव्हती.

कोणी नेली असेल, याचा विचार करायची गरजच पडली नाही. डबा तसाच आत लोटला आणि जिना उतरून गेटवर आले.

"ठवकर साहेब आले होते का?"

"हो ना मॅडम, आत्ताच गेले," चौकीदार म्हणाला. "हातात तो थर्माकोलचा बर्फाचा डबा होता. मी विचारलं, वहिनींची तब्येत कशी आहे? काही बोललेच नाहीत. सरळ निघून गेले."

मी स्कूटरला किल्ली लावली. नागपूरचा मे महिना, भर दुपार. ओढणी तोंडाला गुंडाळायचंही भान राहिलं नाही. रहाटे कॉलनीच्या चौकात सिग्नलला थांबले तेव्हा हँडल हाताला पोळायला लागलं, आणि मग जाणवलं की आपण हातमोजा एका हातातून काढलेलाच नाही.

हेमराज ठवकर माझ्याच प्रयोगशाळेत होता. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. मला मित्राताई म्हणायचा. माझं नाव संघमित्रा गेडाम, पण एवढं मोठं नाव घ्यायला कोणाला वेळ असतो? प्रथिन बनवायचं काम माझं आणि ते उंदरांवर तपासून बघायचं काम त्याचं, अशी आमची वाटणी होती.

ते प्रथिन काय होतं, ते सांगायला हवं. रोगाशी लढणाऱ्या ज्या पेशी आपल्या रक्तात असतात, त्यांच्या अंगावर रिसेप्टर असतात. 'हल्ला करा' असा रासायनिक निरोप रक्तातून आला की हे रिसेप्टर तो झेलतात आणि पेशी पेटून उठतात. कधी कधी हे निरोप थांबतच नाहीत. मग त्याच पेशी घरच्याच माणसांवर तलवार चालवावी तशा स्वतःच्या शरीरावर उठतात. आम्ही त्या रिसेप्टरचा फक्त बाहेरचा तुकडा बनवला होता. पेशी नाही, काही नाही, नुसता झेलणारा हात. तो रक्तात मोकळा सोडला तर निरोप त्यालाच चिकटून बसणार आणि पेशींपर्यंत पोचणार नाहीत, अशी कल्पना. या तुकड्याचं जनुक आम्ही जीवाणूंमध्ये घालायचो. जीवाणू वाढले, त्यांनी प्रथिन तयार केलं की त्यांना फोडायचं आणि त्या चिखलातून आपल्याला हवं ते प्रथिन गाळून घ्यायचं.

हेमराजच्या उंदरांमध्ये ते चाललं होतं. तापाने गळाठलेले, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात केस पिंजारून पडलेले उंदीर दुसऱ्या दिवशी उठून दाणे कुरतडायला लागले होते. त्या दिवशी त्याने सगळ्या मजल्यावर पेढे वाटले होते.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत सुवर्णा आजारी पडली. सुवर्णा म्हणजे त्याची बायको, शाळेत भूगोल शिकवायची. डबा द्यायला प्रयोगशाळेत आली की माझ्यासाठी कोथिंबिरीची सांभारवडी वेगळी बांधून आणायची आणि मी खाईपर्यंत समोर उभी राहायची. पाचवा महिना चालू होता. साधा ताप म्हणून सुरू झालेलं दुखणं उतरेना. यकृत सुजलं, रक्तातल्या पेशी भराभर कमी व्हायला लागल्या. शेवटी निदान झालं, तेव्हा हेमराज कितीतरी वेळ नुसता हसत होता म्हणे. तिच्या स्वतःच्याच पेशी तिच्यावर उठल्या होत्या. त्याच्या उंदरांना तो जो आजार मुद्दाम द्यायचा, जवळपास तोच.

त्या दुपारच्या दोनच दिवस आधी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला होता. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"मित्राताई, एक व्हायल द्या."

"कशाला?" मी विचारलं. पण मला कळलं होतं.

"तुम्हाला माहीत आहे कशाला."

"हेमराज, ते जीवाणूंतून काढलेलं आहे. त्यांच्या भिंतीतलं विष त्यात राहिलेलं असणार. रक्तात गेलं तर ती काही तासांत जाईल."

"माझे उंदीर नाही गेले."

"उंदराला ते विष पचतं. माणसाला पचत नाही. हे तूच मागच्या वर्षी मुलांना शिकवलंस."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तशीही जाऊनच राहिली ना ती," असं म्हणून तो निघून गेला होता. मला वाटलं, विषय संपला.

रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, अतिदक्षता विभागाच्या बाहेर, तो बाकावर बसला होता. थर्माकोलचा डबा मांडीवर, दोन्ही हात त्याच्यावर. समोर एक डॉक्टर बाई उभ्या होत्या. त्यांचा आवाज दमलेला होता.

"ठवकर साहेब, मी सकाळपासून चौथ्यांदा येतेय तुमच्याकडे. स्टिरॉइडने काम होत नाहीये. ते औषध आता सुरू करावंच लागेल."

"बाळाचं काय?" हेमराजने मान वर न करता विचारलं.

"मी खोटं सांगणार नाही. बाळाला धोका आहे. कदाचित मोठा. पण आई नाही राहिली तर बाळ कुठून राहणार?"

"मला थोडा वेळ द्या."

"वेळ माझ्याकडे नाहीये हो, मी कुठून देऊ?" डॉक्टर बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. "तुम्ही नातेवाईक आहात का? मी डॉक्टर काझी. कृपा करून यांना समजवा. ती ग्लानीत आहे, तिची सही मी घेऊ शकत नाही. हे देत नाहीयेत."

हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटलं होतं, सगळे उपाय हरले म्हणून हेमराज वेडा झालाय. तसं नव्हतं. उपाय होता. कॅन्सरवर देतात तसलं जहाल औषध, ते पिसाळलेल्या पेशींना मारतं. हेमराजने ते अडवून धरलं होतं, कारण त्याच्या मांडीवर दुसरा उपाय होता. आई आणि बाळ, दोघांनाही वाचवणारा.

डॉक्टर काझी आत गेल्या. मी त्याच्या शेजारी बसले.

"हेमराज, तो डबा मला दे."

"नाही."

"तू आत कसं देणार आहेस हे? नर्स बघतील."

"जेवायच्या वेळेला एकच असते. मला पलंगाजवळ बसू देतात. हाताला सुई लावलेलीच आहे." तो अगदी शांत बोलत होता, एखादा प्रयोग समजावून सांगावा तसा. "तुम्ही डॉक्टरांना सांगितलं तर मी आत्ताच आत जाईन. मला धरेपर्यंत झालेलं असेल."

मी काचेतून आत बघितलं. सुवर्णाचा चेहरा हळदीसारखा पिवळा पडला होता. चादरीखाली पोटाचा उंचवटा दिसत होता. नर्सला विचारून मी मिनिटभर आत गेले. तिच्या कपाळावर हात ठेवला. तापाने ते तव्यासारखं झालं होतं. तिने डोळे किलकिले केले.

"ताई..." तिचे ओठ सुकून चिकटले होते. "बाळ हलून राहिलंय. मला ताप आहे ना, त्याला नाही."

"बोलू नकोस," मी म्हणाले.

"त्याला नाही," ती पुन्हा म्हणाली आणि तिचे डोळे मिटले.

मी बाहेर आले. डॉक्टर काझी कोपऱ्यात फोनवर बोलत होत्या. दोन पावलं टाकून त्यांना सगळं सांगणं सोपं होतं. दोन वॉर्डबॉय आले असते, डबा हिसकावला असता, पोलीस आले असते. पण व्हायल हिसकावता आली असती, त्याच्या डोक्यातले ते उठून बसलेले उंदीर हिसकावता आले नसते. त्याने सही केलीच नसती. आणि सुवर्णा गेली असती, तर जन्मभर तो हेच म्हणत राहिला असता की औषध माझ्या मांडीवर होतं.

"दोन तास," मी म्हणाले.

"काय?"

"दोन तास दे मला. आपल्या कोल्ड रूममध्ये विष तपासायचा संच आहे. आपण ही व्हायल तपासू. हीच. विष नाही निघालं तर..."

"तर?"

"तर मी अडवणार नाही."

त्याने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. "बुद्धाची शपथ घ्या."

"मी शपथा घेत नाही, तुला माहीत आहे. शब्द देते."

तो उठला. मी डॉक्टर काझींकडे गेले आणि म्हणाले, "दोन तासांत ते सही करतील. तुम्ही औषध तयार ठेवा." त्यांनी घड्याळ पाहिलं, मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या एका हातात अजून तो हातमोजा होता.

"दोन तासांनंतर मी कोणाची वाट बघणार नाही," त्या म्हणाल्या. "जे करता येईल ते करेन."

स्कूटरवर तो मागे बसला. डबा आमच्या दोघांच्या मध्ये होता, त्याचा गारवा पाठीला लागत होता. संबंध रस्ताभर एकच प्रश्न त्याने विचारला, तोही ओरडून, कारण गरम वाऱ्यात काही ऐकू येत नव्हतं.

"तुम्ही काही गडबड तर नाही करणार ना ताई?"

"नळ्या तूच भर," मीही ओरडूनच सांगितलं.

या तपासणीत समुद्रातल्या एका प्राण्याच्या निळ्या रक्ताचा अर्क वापरतात. पाठीवर ढाल असलेला, खेकड्यासारखा दिसणारा प्राणी. जीवाणूंचं विष लागलं की त्याचं रक्त जागच्या जागी गोठतं. कोट्यवधी वर्षांपासून तो असाच वाचत आलाय. छोट्या काचेच्या नळीत हा अर्क घ्यायचा, त्यात आपला नमुना घालायचा, अंगाच्या उष्णतेइतक्या कोमट पाण्यात तासभर ठेवायचा आणि मग नळी उलटी करायची. द्रव वाहून खाली आला तर विष नाही. दह्यासारखा तळाशी चिकटून राहिला तर आहे.

हेमराजने हात धुतले, हातमोजे घातले. मी अर्काच्या बाटल्या काढून त्याच्यासमोर ठेवल्या आणि दोन पावलं मागे सरले. तो कामाला बसला की त्याचे हात बघत राहावं असे चालायचे. त्या दिवशीही तसेच चालत होते. एका नळीत त्याने नुसतं शुद्ध पाणी घातलं. एकीत आमच्याकडचं ओळखीचं विष. तिसरीत आमचं प्रथिन, हजार पट पातळ केलेलं.

"अजून एक करतो," तो म्हणाला. "अजून दहा पट पातळ. शरीरात एवढं रक्त असतं, त्यात ते मिसळून आणखी पातळच होणार ना?"

"कर."

"तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं."

"मी का नाही म्हणू?"

त्याने चौथी नळी भरली. चारही नळ्या कोमट पाण्यात उभ्या केल्या. मग आम्ही दोघं समोरासमोर स्टुलांवर बसलो.

कूलरचा आवाज आणि पाणी गरम ठेवणाऱ्या यंत्राची बारीक घरघर, एवढंच. मी त्याला पाणी दिलं. तो प्यायला नाही, ग्लास हातात धरून बसला.

"सुवर्णाने नाव ठरवलंय," थोड्या वेळाने तो म्हणाला. "मुलगी झाली तर. मी म्हटलं, मुलगा झाला तर? म्हणते, मग तू ठरव."

मी उठून पाण्याचं तापमान बघून घेतलं.

"ताई, खरं सांगा. तुमची बहीण असती तर?"

"तर तुझ्यासारखीच बसले असते. आणि समोर कोणीतरी हवं असतं."

"समोर कोणीतरी," तो म्हणाला आणि मान हलवली. "मला वाटलं होतं, गेटवर विचारतील डब्यात काय आहे. मग रुग्णालयाच्या दारात विचारतील. मग लिफ्टमध्ये. बर्फाचा डबा घेऊन माणूस चाललाय, कोणी एक तर विचारा ना! कोणीच नाही विचारलं."

फोन वाजला. त्याचा होता. त्याने नाव बघितलं आणि फोन माझ्यासमोर धरला. मी उचलला.

"डॉक्टर काझी बोलतेय. तिचा रक्तदाब उतरतोय. मी औषध भरून ठेवलंय. कुठे आहात तुम्ही?"

"थोडाच वेळ," मी म्हणाले. "येतोच आहोत."

"थोडा म्हणजे किती?"

मी फोन ठेवला तेव्हा हेमराज उभा होता. त्याचा हात पाण्यातल्या नळीकडे गेला होता.

"हात लावू नको!"

"झालं असेल आता. बघू द्या."

"हेमराज, अजून वेळ आहे. आत्ता हलवलीस आणि गोठणारं अर्ध्यावर मोडलं तर पुन्हा जमत नाही. वाहील ते, आणि तुला वाटेल विष नव्हतं. तुला खोटं उत्तर हवंय का?"

"मले ती हवी आहे!" तो ओरडला. कॉलेजात आल्यापासून जी भाषा त्याने घरी ठेवून दिली होती, ती एकदम बाहेर आली. "मले दोघंही हवे आहेत, ताई! काहून नाही पाहिजे? उंदीर उठून बसले ना माझे? माझ्या डोळ्यांनी पाह्यलं ना मी!"

मी पुढे झाले नाही, त्याचा हात धरला नाही. धरला असता तर नळी हललीच असती. मी होते तिथेच उभी राहिले आणि म्हणाले, "तुझ्या हातात आहे. तूच भरल्यास, तूच बिघडव."

त्याची बोटं पाण्यात होती. नळीपासून अगदी जवळ. पाण्यावर बारीक तरंग उठत होते. मग त्याने हात बाहेर काढला, ओला हात शर्टाला पुसला आणि खाली जमिनीवरच बसला, पाठ कपाटाला टेकवून, डोळे मिटून. वेळ होईपर्यंत तो तसाच होता. मी उभीच.

यंत्राची घंटी वाजली तेव्हा तो उठला. आधी पाण्याची नळी घेतली, सावकाश उलटी केली. द्रव काचेवरून घरंगळत खाली आला. बरोबर. मग ओळखीच्या विषाची. ती उलटी झाली आणि तळाशी पांढरट थर घट्ट बसून राहिला. तेही बरोबर. म्हणजे तपासणी नीट झाली होती. आता कोणाला काही बोलायला जागा नव्हती.

तिसरी नळी त्याने दोन बोटांत धरली. उलटी केली.

काही वाहिलं नाही.

त्याने ती डोळ्यांजवळ नेली. तशीच उलटी धरून राहिला. मग नखाने काचेवर टकटक केलं. तळाशी तो थर तसाच होता. त्याने नळी खाली ठेवली आणि चौथी उचलली, दहा पट आणखी पातळ केलेली. मला आठवतं, त्या क्षणी मीही मनात म्हणत होते की वाहू दे. सगळं माहीत असून, सगळं समजत असून मी म्हणत होते की वाहू दे.

ती पण गोठलेली होती.

हेमराजने नळी खाली ठेवली. मग अगदी सरळ आवाजात म्हणाला, "माझ्या उंदरांना हे सगळं पचलं?"

"हो."

"मला माहीत होतं."

"हो, तुला माहीत होतं."

त्याने डब्यातून व्हायल काढली. बर्फ अर्धा वितळला होता. व्हायलवर आमचीच चिठ्ठी होती, छापील: फक्त संशोधनासाठी, माणसासाठी नाही. त्याने ती टेबलावर ठेवली, हातमोजे काढून कचऱ्यात टाकले आणि म्हणाला, "चला."

आम्ही रुग्णालयात परतलो. दुसऱ्या मजल्यावर डॉक्टर काझी दारातच उभ्या होत्या. त्यांनी कागद पुढे केला. हेमराजने भिंतीवर कागद धरून सही केली. पेन चालेना, त्यांनी दुसरं दिलं. त्याने आपलं नाव पुन्हा एकदा, जोर देऊन लिहिलं. त्या आत गेल्या. दार मिटलं. मग तो भिंतीला तोंड करून उभा राहिला आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ती पाठ तेव्हा नुसती हाडांची होती.

औषधाने काम केलं. ताप उतरला, रक्तातल्या पेशी हळूहळू सावरल्या. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाळाचे ठोके थांबले. मुलगी होती.

सुवर्णा घरी आल्यावर मी भेटायला गेले. हेमराजने दार उघडलं, चहा टाकला. ती आतल्या खोलीत पलंगावर होती. डोक्यावरचे केस गेले होते, स्कार्फ बांधला होता. मी हाक मारली. तिने माझ्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि भिंतीकडे कूस बदलली. मला वाटलं, थकली असेल. पुन्हा गेले तेव्हाही तसंच झालं. तिसऱ्यांदा हेमराजनेच खाली येऊन सांगितलं, "ताई, तिला अजून बरं वाटत नाही." त्यानंतर मी गेले नाही.

हेमराज कामावर परतला, पण उंदरांच्या खोलीत पुन्हा कधी गेला नाही. वर्षाच्या आत त्याने गोंदियाला कॉलेजात नोकरी धरली. दिवाळीला फोन करायचा. सुवर्णा कशी आहे विचारलं की "बरी आहे" म्हणायचा आणि विषय बदलायचा. त्यांना पुढे मूल झालं नाही. प्रथिनातलं ते विष काढून टाकायची रीत आम्हाला पुढे सापडली. त्याला वेळ लागला. आज ते प्रथिन बऱ्याच प्रयोगशाळांत जातं, पण व्हायलवरची ती ओळ अजून तशीच आहे, आणि माझ्या मते तशीच राहायला हवी.

गेल्या वर्षी जानेवारीत दुपारी दाराची बेल वाजली. मी निवृत्त झाले होते, एकटीच घरी होते. दारात सुवर्णा उभी होती. केस पांढरे झालेले, खांद्याला शाळेची पिशवी. क्षणभर मला ओळखता आलं नाही.

"प्रशिक्षणासाठी आले होते नागपूरला," ती म्हणाली. "बसू का?"

ती बसली. पाणी प्यायली. खोलीभर नजर फिरवली. मी हेमराजची चौकशी केली, तिने सांगितलं. मधुमेह आहे, पथ्य पाळत नाही. मग ती म्हणाली, "एक विचारायचं होतं. त्या दिवशीचं त्याने मला सगळं सांगितलं आहे. नळ्यांचं पण. नळी वाहिली असती तर तुम्ही त्याला खरंच जाऊ दिलं असतं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी स्वतःला मात्र कितीदा तरी विचारला होता.

"माहीत नाही," मी म्हणाले. "तेव्हा ठरवलं नव्हतं. आजही ठरत नाही."

तिने मान हलवली, जणू तिला हेच उत्तर येईल असं वाटत होतं.

"ती गेली ना ताई, तेव्हा मला कोणावर तरी राग धरायचा होता," ती म्हणाली. "नुसतं रडून भागत नव्हतं. सही त्याने केली होती. त्याच्यावर धरला असता तर घर मोडलं असतं. काझी डॉक्टरांवर धरला असता तर पुढे दोन वर्षं त्यांनी दिलेल्या गोळ्या गिळल्या नसत्या मी. देवावर धरून बघितला, टिकला नाही. मग तुमच्यावर धरला. तुम्ही दूर होत्या. तुम्ही त्याला घेऊन गेल्या, आणि तो परत आला तो सही करायलाच. मी मनाला सांगितलं, ताई आल्याच नसत्या तर दोघी वाचलो असतो. खोटं आहे, माहीत होतं मला. भूगोल शिकवते, पण एवढं कळतं. तरी धरला. तो धरून ठेवला म्हणून त्याच्याशी नीट राहता आलं." तिने पदराने कपाळ पुसलं. जानेवारीत घाम येण्यासारखं काही नव्हतं. "मला वाटायचं, तुमच्यावर धरला तर कोणाचं काही बिघडत नाही."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

"माझं बिघडलं थोडं," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने मान वळवली नाही.

"हो ना," सुवर्णा म्हणाली. "तेच सांगायला आले."